हलकी पेट्रोल चेनसॉ घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चेनसॉ विकत नाही, दुरुस्त करतो. त्यामुळे कुठल्या कंपनीची घ्या असं सांगून आमच्या पदरात काही पडत नाही. उलट चुकीचं मशीन घेतलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे जास्त वेळा येतं. खालचे प्रश्न दुकानात आणि व्हॉट्सॲपवर सारखे येणारे आहेत. विचारणारे बहुतेक आंबा, काजू आणि नारळाचे बागायतदार. 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते ही वादळं येऊन गेल्यावर ‘घरात एक मशीन असावंच’ म्हणणारे बरेच वाढले. प्रश्न ज्यांचे त्यांच्या भाषेत ठेवलेत, उत्तरं आमची.

1. हलकी चेनसॉ म्हणजे नेमकी किती किलोची?

मागे मूठ असलेल्या नेहमीच्या पेट्रोल चेनसॉमध्ये चार ते पाच किलोची ती हलकी, असं आम्ही धरतो. पण खोक्यावर छापलेलं वजन हे नुसत्या इंजिनाचं असतं. पट्टी (चेन जिच्या कडेने फिरते ती), चेन, पेट्रोल आणि चेन ऑइल त्यात धरलेलं नसतं. स्टिल कंपनीची एमएस 170 कागदावर चार किलोच्या आसपास आहे. तिला 14 इंची पट्टी-चेन लावली आणि दोन्ही टाक्या भरल्या की हातात पाच किलोंहून थोडं जास्त येतं. हस्कवर्ना कंपनीची 120 कागदावरच पाच किलोला जराशी कमी, म्हणजे कामाला उभी राहते तेव्हा सहाच्या घरात जाते. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या मशीनवर 20 किंवा 22 इंची पट्टी असते, ती एकटीच चेनसकट किलोभराहून जास्त भरते. शिवाय ते वजन हातापासून लांब, टोकाकडे असतं, म्हणून काट्यावर दिसतं त्यापेक्षा मनगटाला जास्त जाणवतं.

पाच आणि साडेसहा किलोतला फरक दुकानात कळत नाही. दुपारी अकरा वाजता, उतारावर, घामाने मूठ निसटायला लागली की कळतो.

2. माझी दोन एकर आंबा-काजूची बाग आहे. किती सीसी पुरेल?

30 ते 35 सीसी. वाळलेल्या फांद्या, छाटणी, जळाऊ लाकडाचे तुकडे, अधूनमधून फूटभर जाडीचा बुंधा, एवढ्याला हे इंजिन कमी पडत नाही. आंब्याचं लाकूड तसं मऊच. काजूलाही फार जोर लागत नाही. ऐन, किंजळ, खैर, बाभूळ, सुरू असली टणक लाकडं नेहमीची असतील तर 38 ते 40 सीसीकडे जा. रोज आठ-आठ तास ओंडके पाडण्याचा धंदा असेल तर हलकी चेनसॉ तुमच्यासाठी नाहीच, 50 सीसीच्या वरची धंदेवाईक घ्या आणि ही पानं बंद करा.

‘थोडी मोठी घेऊन ठेवू, कधी लागली तर’ हा हिशोब आम्हाला पटत नाही. वर्षातून एकदा लागणाऱ्या मोठ्या बुंध्यासाठी तीन-चारशे दिवस जड मशीन कशाला बाळगायचं? त्या एका दिवसाला मशीनवाला बोलवा.

3. पट्टी 14 इंची घ्यावी की 18?

30-32 सीसीला 12 किंवा 14 इंच, 38-40 सीसीला 14 किंवा 16. पट्टी जितकी लांब तितकी चेन ओढायला ताकद जाते, इंजिन दमतं, आणि टोक कुठे लागतंय यावर लक्ष राहत नाही. तो धोका प्रश्न 14 मध्ये आहे. 14 इंची पट्टीने एका बाजूने फूटभर जाडीचं लाकूड आरामात कापतं. सराव असेल तर दोन्ही बाजूंनी कापून त्याहून जाडही निघतं.

4. ऑनलाइन 58 आणि 62 सीसीची मशीनं सहा-सात हजारांत आहेत. नावाजलेली 32 सीसी त्याच्या तिप्पट. मग महाग का घ्यायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. स्वस्त मशीन चालतच नाही असं नाही. आमच्याकडे तीन-चार वर्षं नीट चाललेली आलीत. वापरणारा हौशी, चेनला धार लावणारा आणि स्वतः कार्बोरेटर उघडणारा होता. पण तुम्हाला हलकी हवी आहे, आणि ही मशीनं हलकी नसतात. पट्टी-चेन आणि टाक्या धरून सात किलो सहज होतात.

दुसरं म्हणजे चेनब्रेक. मुठीपुढचा जो आडवा पंजा असतो, तो ढकलला की चेन जागच्या जागी थांबायला हवी. स्वस्त मशीनमध्ये त्याचा पट्टा कधी सैल असतो, कधी पंजाच लवलवीत. जिवाशी संबंध असलेला भाग तोच, आणि पैसे वाचवलेले असतात तेही तिथेच.

तिसरं, सुटे भाग. स्वस्त मशीनचे भाग भरपूर मिळतात आणि स्वस्तही मिळतात, हे मान्य. पण एकाच आकड्याच्या दोन मशीनचे भाग एकमेकांना बसतीलच असं नाही. आम्ही कितीदा क्लच मागवतो आणि परत पाठवतो. नावाजलेल्या कंपनीचा भाग नंबर सांगितला की तोच येतो. तरीही खरेदीआधी एक फोन करा: तुमच्या तालुक्याच्या गावी त्या कंपनीचा मेकॅनिक आहे का? नसेल, तर उत्तम मशीनसुद्धा एका डायफ्रॅमपायी (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) महिनाभर माळ्यावर पडून राहतं.

5. खोक्यावरचा सीसीचा आकडा खरा की खोटा, कसं ओळखायचं?

माहितीपत्रकात सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव मिलिमीटरमध्ये दिलेली असते. व्यास गुणिले व्यास गुणिले धाव गुणिले 0.7854, आणि आलेल्या आकड्याला 1000 ने भागा. एमएस 170 ला व्यास 37 आणि धाव 28, उत्तर 30.1 सीसी. एमएस 180 ला 38 आणि 28, उत्तर 31.8. छापलेलंही तेच. आता ‘58 सीसी’ लिहिलेल्या मशीनवर 45.2 आणि 34 असे आकडे दिसले तर उत्तर साडेचोपन्न येतं. व्यास-धाव कुठेच दिलेली नसेल तर सीसीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

तसंही सीसीपेक्षा किलोवॅट बघा. 30-32 सीसीच्या चांगल्या मशीनला सव्वा ते दीड किलोवॅट मिळतात. ही ताकद भागिले वजन, हाच हलक्या मशीनचा खरा आकडा.

6. दुकानात मशीन हातात घेतल्यावर काय काय बघू?

पट्टी-चेन लावलेलं मशीन मागा, नुसतं इंजिन नको. पुढची मूठ डाव्या हाताने धरून उचला आणि उजवा हात सोडा. पट्टी किंचित खाली झुकली तर तोल बरा. टोक झपकन खाली गेलं तर पट्टी लांब आहे, आणि मागचा भाग धपकन खाली आला तर इंजिन जड. मग कापताना धरता तसं, पट्टी आडवी आणि उभी करून, दोन मिनिटं धरून ठेवा. दोन मिनिटं हा बराच वेळ असतो. विक्रेता बोलत राहील, तुम्ही मनगटाकडे लक्ष द्या.

डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून पूर्ण वळसा घालतो का ते बघा. मूठ जाड आणि हात लहान असेल तर घालत नाही. मग चेनब्रेकचा पंजा मनगटाने पुढे ढकला, ‘टक्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. चेन ताणायचा स्क्रू पट्टीच्या बाजूला आहे की समोर चेनच्या दातांजवळ? बाजूचा बरा, बोटं वाचतात. एअर फिल्टर पान्याशिवाय उघडतो का तेही बघा, कारण जो फिल्टर काढायला स्क्रू-ड्रायव्हर शोधावा लागतो तो कोणी साफ करत नाही.

शेवटी सुरू करून दाखवायला सांगा. गरम झाल्यावर पट्टीचं टोक पांढऱ्या कागदावर किंवा पुठ्ठ्यावर वीतभर अंतरावरून धरून रेस दिली की तेलाची बारीक रेघ उमटते. ती उमटली नाही तर ऑइल पंप बघायला लावा. आणि एक्सलेटर सोडल्यावर चेन पूर्ण थांबली पाहिजे. रेंगाळत फिरत राहिली तर तशीच घरी नेऊ नका.

7. झाडावर चढून छाटायला एका हाताची छोटी मशीन मिळते म्हणे. ती सगळ्यात हलकी, तीच घेतली तर?

ती टॉप-हँडल चेनसॉ, म्हणजे वर मूठ असलेली. एको कंपनीची 25 सीसीची अशी मशीन जेमतेम 2.3 किलोची आहे, म्हणून जाहिरात बघून मोह होतो. पण ती झाडावर दोरांनी बांधून घेऊन काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी आहे. दोन्ही मुठी जवळजवळ असल्याने उलटा झटका (प्रश्न 14) बसला तर ती आवरायला हाताला पकडच मिळत नाही, आणि एका हाताने चालवायची सवय लागते ती वेगळीच. जमिनीवर उभं राहून काम करणाऱ्याने ही घेऊ नये. आंब्यावर चढणारा पाडेली कितीही तरबेज असला तरी त्याच्या कमरेला सुरक्षा दोर नसेल तर त्याच्या हातात कोयता आणि करवतच बरी.

8. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं? कोणी 20 सांगतं, कोणी 40.

दोघंही बरोबर असू शकतात. कंपनीचं चेनसॉसाठीचं उत्तम टू-स्ट्रोक ऑइल असेल तर बहुतेक पुस्तिका 50:1 सांगतात, म्हणजे लिटरला 20 मिली. साधं टू-टी ऑइल असेल तर 25:1, लिटरला 40 मिली. तुमच्या पुस्तिकेत लिहिलं असेल ते खरं. ऑइलच्या डब्यावर जासो एफडी (JASO FD, ऑइलच्या दर्जाची खूण) असं दिसलं तर घ्या; जुन्या स्कूटरसाठीचं सुटं ऑइल नको. ही इंजिनं हवेवर थंड होतात आणि मिनिटाला 13-14 हजार फेरे घेतात, स्कूटरला तेवढं कधीच करावं लागत नाही.

अंदाजाने बाटलीच्या झाकणाने ओतू नका. मेडिकलमधली 20 मिलीची सिरिंज घ्या. वेगळ्या कॅनमध्ये आधी थोडं पेट्रोल, मग सगळं ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, आणि हलवा. मशीनच्या टाकीत मिसळायचं नाही. नुसतं पेट्रोल घालून चालवलेलं मशीन काही मिनिटांत पिस्टन धरतं, आणि त्या खर्चात अर्धं नवीन मशीन येतं.

9. आता सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्याने मशीन खराब होतं का?

त्रास होतो, आणि गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या कार्बोरेटरच्या तक्रारींत ते दिसतं. बहुतेक नामांकित चेनसॉच्या पुस्तिका 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल म्हणतात. 20 टक्क्यांत दोन अडचणी आहेत. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या हवेत पाण्याला काय तोटा! कॅन बरेच दिवस तसाच राहिला की पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो, आणि टाकीतली नळी नेमकी तळातून ओढते. शिवाय रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक किंवा फुगीर होतो. दुसरी अडचण म्हणजे अशा पेट्रोलला हवा कमी लागते. कार्बोरेटर जुन्याच मापावर असेल तर इंजिन जास्त तापतं.

उपाय साधे आहेत. मिश्रण एका वेळी लिटरभरच करा आणि दोन आठवड्यांत संपवा. काम झाल्यावर टाकी रिकामी करा. मोठ्या शहरांत काही पंपांवर 100 ऑक्टेनचं महाग पेट्रोल मिळतं, ते इथेनॉलविरहित आहे का विचारून घ्या. चेनसॉला वर्षाला लागतं किती, परवडतं. मशीन गरम होऊन दम सोडत असेल तर कार्बोरेटर मेकॅनिककडून जुळवून घ्या.

9-अ. पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल वेगळं काढायचा व्हिडिओ पाहिला. करू का?

नको. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही उतरतं, पाण्याचा अंश उरतो, आणि घरात पेट्रोलच्या वाफा कोंडतात. चूल शेजारीच असते.

10. चेनला जळकं ऑइल चालतं ना? सगळे तेच घालतात.

सगळे घालतात, म्हणून सगळ्यांच्या पट्ट्या आमच्या भंगारात असतात. इंजिनातून काढलेल्या काळ्या ऑइलमध्ये धातूचा चुरा असतो. तो पंपाचं भोक बुजवतो आणि पट्टीची खाच घासतो. ते चेनला चिकटतही नाही, टोकाला पोचेपर्यंत उडून जातं. वर ते दिवसभर तुमच्या हातावर आणि मातीत. चेन ऑइल मिळालं तर उत्तमच, नाही तर नवं जाड इंजिन ऑइल, उन्हाळ्यात थोडं जाड ग्रेडचं. खोबरेल घालणारेही भेटतात. उन्हाळ्यात चालून जातं, पण काम झाल्यावर मशीन तसंच ठेवलं की पट्टीत चिकट थर धरतो आणि थंडीत गोठतं.

पेट्रोलची टाकी संपली की ऑइलची टाकीही जवळजवळ रिकामी व्हायला हवी. ऑइल तसंच शिल्लक असेल तर ते चेनपर्यंत जात नाहीये.

11. मशीन नवं आहे, आवाज जोरात करतं, पण कापत नाही. धूर येतो आणि काप तिरका जातो.

इंजिन ठीक आहे, चेन बोथट आहे. हलक्या मशीनमध्ये हे फार लवकर जाणवतं, कारण जोर लावून भागवायला ताकद शिल्लक नसते. धारदार चेनची 30 सीसी बोथट चेनच्या 58 सीसीपेक्षा लवकर कापते, हे आम्ही गिऱ्हाइकासमोर करून दाखवतो.

बाहेर पडतं काय ते बघा. धारदार चेन तांदळाच्या दाण्याएवढ्या ढलप्या टाकते, बोथट चेन पिठासारखा भुसा. दात उन्हात धरा: कडेवर चकचकीत पांढरी रेघ दिसली तर धार गेलेली. माती, खडा किंवा तारेला चेन एकदा टेकली तरी पुरे.

हलक्या मशीनच्या लहान मापाच्या चेनला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, मोठ्या मशीनच्या .325 मापाच्या चेनला 4.8 ची. मापाबाहेरची कानस दाताचा कोन बिघडवते. चेनब्रेक लावा, हातमोजे घाला, कानस 30 अंशांत धरा, फक्त आतून बाहेर ढकला, परत येताना उचलून आणा. प्रत्येक दाताला तेवढेच हात: डावीकडे तीन दिले तर उजवीकडेही तीन. आधी एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या बाजूचे. काप तिरका जातो त्याचं कारण बहुधा हेच, एका बाजूचे दात दुसरीपेक्षा आखूड झालेले असतात. तरीही तिरकाच गेला तर पट्टी काढून तिची खाच साफ करा, उलटी बसवा; दोन्ही कडांची झीज सारखी राहते.

दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दात झिजत गेला की तोही थोडा उतरवावा लागतो, दाताच्या टोकापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली. हे मोजायची वेगळी छोटी पट्टी मिळते, ती घ्या. अंदाजाने जास्त घासला तर चेन लाकडात दात रुतवून झटके देते. पेट्रोलची टाकी भरताना दर वेळी दोन-दोन हात कानस फिरवली तर मोठ्या धारेची गरज उशिरा पडते.

12. नवी चेन आणली ती बसत नाही. ‘14 इंची’च सांगितलं होतं.

इंचावरून चेन मिळत नाही. तीन गोष्टी सांगाव्या लागतात: चेनचं माप (सलग तीन रिव्हेटांमधल्या अंतराचं निम्मं, इंचात), पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, आणि त्या कड्या किती. एमएस 170 ला 14 इंचाला कड्या 50 असतात आणि माप ‘3/8 लहान’, म्हणजे बुटक्या दातांचं. ऑनलाइनच्या 20 इंची मशीनला बहुधा .325 मापाच्या 76. हे सगळं पट्टीच्या बुडाशी कोरलेलं असतं, तेल पुसून फोटो काढा आणि दुकानदाराला तोच दाखवा. पुसट झालं असेल तर जुनी चेनच घेऊन जा.

13. नारळ आणि सुपारीचा बुंधा हलक्या मशीनने कापता येईल?

येईल, पण त्याने चेनची वाट लागते हे धरूनच चाला. नारळाचा बाहेरचा काठ कडक आणि आतला गाभा मऊ व तंतुमय. ताडवर्गातल्या झाडांच्या लाकडात सिलिकाचे बारीक कण असतात, त्यांनी धार उतरते, बांबूचंही तेच. तंतू क्लचच्या चाकाभोवती गुंडाळतात, म्हणून दोन-तीन कापांनंतर मशीन बंद करून बाजूचं झाकण काढून साफ करा. समुद्रकाठच्या बागेत बुडाशी वाळू उडालेली असते, तो भाग आधी कोयत्याने सोलून घ्या. अशा कामाला जुनी चेन वेगळी ठेवलेली बरी.

14. उलटा झटका म्हणजे काय? आणि हेल्मेट वगैरे खरंच लागतं?

पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग फिरत असताना एखाद्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकला की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत चेहऱ्याकडे उसळतं. हलकं मशीन जास्त सहज उसळतं, कारण त्याला रोखायला वजन कमी. म्हणून टोकाने कापू नका, खांद्याच्या वर मशीन नेऊ नका, शिडीवर उभं राहू नका, डावा अंगठा मुठीखाली गुंडाळलेला ठेवा.

लागतं. डोळ्याला जाळी किंवा चष्मा, कानाला मफ (या इंजिनाचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो), आणि पायात बूट. लुंगी, हाफ पँट आणि स्लीपर घालून मशीन चालवणारे रोज दिसतात. चेनसॉसाठीची खास पँट किंवा पुढून बांधायचा पायरक्षक असतो. त्यात लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे ओढले जाऊन चाकात अडकतात आणि चेन थांबते. मशीनच्या किमतीत हे धरूनच बजेट ठरवा. आणि एकटं काम करू नका. हाकेच्या अंतरावर कोणीतरी हवंच.

15. वादळात उन्मळून पडलेलं झाड तोडायचंय. पडलेलंच आहे, त्यात काय धोका?

उभ्या झाडापेक्षा जास्त. विजेची तार लपेटलेली असेल तर आधी महावितरणला कळवा. लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हात लावू नका. मग बघा, लाकूड कुठे ताणलंय आणि कुठे दबलंय. धनुष्यासारख्या वाकलेल्या फांदीची बाहेरची बाजू ताणलेली, आतली दबलेली. आधी दबलेल्या बाजूला थोडाच काप, मग ताणलेल्या बाजूने पूर्ण. उलटं केलंत तर फांदी फाटून अंगावर येते, किंवा पट्टी चिमटीत अडकते.

मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळाचा गड्डा मातीसकट झटकन परत खड्ड्यात बसतो. त्याच्या मागे कोणी, विशेषतः मुलं, उभी नकोत. मोठं झाड असेल तर हे हलक्या मशीनचं आणि हौशी माणसाचं काम नाही.

16. मी बाई आहे, अंगाने बारीक. बागेचं काम मीच बघते. झेपेल का?

झेपेल, वजनापेक्षा आधी दोरी बघा. सहज सुरू होणारी दोरी असलेली आवृत्ती घ्या. त्यात स्प्रिंग असल्याने हळू ओढली तरी इंजिन घेतं. 12 इंची पट्टी मागून घ्या, विक्रेता आपण होऊन देणार नाही. मूठ हातात बसते का ते प्रश्न 6 प्रमाणे तपासा. सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवून मागच्या मुठीत उजव्या बुटाचं टोक घाला, डाव्या हाताने दाबा आणि उजव्याने ओढा. हवेत धरून ओढायची पुरुष मंडळींची पद्धत शिकूच नका.

17. पेट्रोलच का? बॅटरीची किंवा वायरची घेतली तर?

घराभोवतीच काम असेल आणि वायर पोचत असेल तर विजेची घ्या, स्वस्त पडते आणि कटकट नाही. बॅटरीची फांद्यांना छान. उतारावरच्या कलमांत, जिथे प्लग नाही आणि दिवसभर काम आहे, तिथे पेट्रोल.

18. सरकारी अनुदान मिळतं का?

कृषी यांत्रिकीकरणाचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. अवजारांच्या यादीत त्या वर्षी चेनसॉ आहे का ते तिथे किंवा कृषी सहायकाकडे बघा. पूर्वसंमती येण्याआधी बिल फाडलं तर अनुदान बसत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

19. जमीन माझी, झाड माझं, मशीन माझं. परवानगी कशाला?

झाडासाठी. महाराष्ट्रात ग्रामीण भागाला 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू आहे आणि त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन, तिवरं अशी 16 झाडं आहेत. स्वतःच्या मालकीची असली तरी ती तोडायला परवानगी हवी. नगरपालिका-महापालिका हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. तिथे छाटणीआधीही विचारा. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. वादळात पडलेल्या झाडाचे फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, मग मशीन चालवा. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक पासचीही चौकशी करा.

20. पावसाळ्याचे चार महिने मशीन कसं ठेवू?

टाकी ओतून रिकामी करा, मग सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. प्लग काढून भोकात टू-टी ऑइलचे चार-पाच थेंब, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत लावा. चेन काढून ऑइलात बुडवून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत दमट होऊन गंज धरतो. कापड टाकून चुलीच्या खोलीपासून लांब, उंचावर. खाली ठेवलंत तर उंदीर पेट्रोलची नळी कुरतडतात.

21. दहा वेळा दोरी ओढली, सुरूच होत नाही.

बहुधा चोक उघडायला विसरलात. चोक बंद ठेवून ओढताना एकदा ‘फट्’ असा आवाज येऊन मशीन बंद पडतं. तिथेच चोक अर्धा उघडायचा. तो आवाज ऐकला नाही आणि ओढतच राहिलं की पेट्रोल आत भरतं. प्लग काढा, पुसा, चोक पूर्ण उघडा, स्टॉपचं बटण बंदकडे ठेवून मशीन उलटं धरा आणि पाच-सहा वेळा दोरी ओढा. दहा मिनिटं थांबून प्लग लावा. प्लगच्या टोकांमधली फट 0.5 मिलिमीटर हवी. तरीही नाही झालं तर जुनं मिश्रण बदला (प्रश्न 9).

22. ओळखीतला माणूस वापरलेली नावाजलेली मशीन निम्म्या किमतीत देतोय. घ्यावी?

नव्या बिननावाच्या मशीनपेक्षा आम्ही तीच घेऊ, पण उघडून बघून. थंड मशीन मागा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर थंड सुरू व्हायला त्रास देतं असं समजा. दोरीला धरून मशीन लटकवा: चांगल्या दाबाचं इंजिन हळूहळू, अडखळत खाली येतं, सरळ घसरलं तर दाब गेला. मग दोन-तीन स्क्रू काढून सायलेन्सर बाजूला करा आणि टॉर्च लावून आत पिस्टनकडे बघा. गुळगुळीत असेल तर ठीक. उभे ओरखडे दिसले तर कधीतरी बिनऑइलचं पेट्रोल गेलंय. भाव निम्म्याचाही निम्मा करा, नाही तर सोडून द्या. पट्टी आणि चेन नवी घालावी लागेल असं धरूनच भाव बोला, आणि प्रश्न 6 मधली चेनब्रेकची परीक्षा जुन्या मशीनला दोनदा घ्या.